शनिवारची चूक

सर, त्या शनिवारची चूक सांगायची राहिली तुमची.

आठवडाभर बंद ठेवलेला वर्ग मी सोमवारी उघडला. मुलं आली, जिन्यात चपला काढल्या आणि तुमच्या खुर्चीकडे न बघता बसली. निखिलने हात वर केला. मला वाटलं, आता हा तुमच्याबद्दल काहीतरी बोलेल आणि मला रडू येईल. तो म्हणाला, "मॅडम, त्या शनिवारची चूक कुठली होती? सरांनी सांगितलीच नाही." त्याच्या पाठीत एक धपाटा घालावा असं वाटलं मला. मग लक्षात आलं की इतक्या दिवसांत तुमची नीट आठवण काढणारा हा पहिलाच. बाकी जो येतो तो 'सर म्हणजे देवमाणूस' एवढं बोलून चहा पिऊन जातो. तुम्ही देवमाणूस वगैरे काही नव्हतात. तुम्ही हट्टी होतात, वेळ पाळत नव्हतात, माझ्या फायलींवर चहाचे कप ठेवत होतात आणि नऊ वर्षांत एकदाही माझं म्हणणं पूर्ण ऐकून घेतलं नाहीत.

तर आज मी ते पूर्ण मांडते. मध्येच तोडायला तुम्ही नाही, तेवढीच सोय.

भिसेगावात पिठाच्या गिरणीच्या वर आपल्या दोन खोल्या. बारावी झालेली किंवा होत आलेली, इंग्लंडात पदवीला जायचं म्हणणारी मुलं तिथे येतात. कामाची वाटणी पहिल्या दिवसापासून ठरलेली. इंग्रजीची परीक्षा, अर्ज, तारखा, व्हिसाचे कागद हे सगळं माझ्याकडे. तुमच्याकडे शनिवारचा चर्चेचा तास. तिकडे म्हणे शिक्षक नुसता शिकवून निघून जात नाही. तो दहाबारा मुलांना गोल बसवतो आणि म्हणतो, बोला. आपली मुलं बोलत नाहीत. गप्प बसल्याबद्दल बारा वर्षं शाबासकी मिळालेली मुलं ती, एकदम कुठून बोलणार? म्हणून तुम्ही दर शनिवारी शिकवताना एक धडधडीत चूक घुसडायचात. ठरवून, अगदी सरळ चेहऱ्याने. कुणीतरी म्हणावं, सर, हे चुकतंय, एवढीच तुमची अपेक्षा. जो म्हणेल त्याने डबीतला लाल खडू घ्यायचा आणि फळ्यावर त्या चुकीवर फुली मारायची. कुणी बोललं नाही तर तासाच्या शेवटी तुम्हीच चूक सांगायचात आणि खडू तसाच डबीत परत जायचा. पांढरे खडू मी दर महिन्याला आणत होते. लाल खडू मात्र कित्येक वर्षांत मला नवा आणावा लागला नाही, यावरूनच काय ते समजा.

आणि मुलांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. आजच्या तासात एक चूक आहे हे सगळ्यांना माहीत असायचं. बऱ्याच जणांना ती कळायचीसुद्धा. पण ती सरांच्या तोंडावर सांगणं त्यांच्याच्याने व्हायचं नाही. तिकडे शिक्षकाला नावाने हाक मारतात, म्हणून एकदा तुम्ही फर्मान काढलंत, आजचा दिवस मला रमाकांत म्हणायचं. अर्धा तास कुणी तुम्हाला हाकच मारली नाही. शेवटी एकाला पाणी प्यायला जायचं होतं म्हणून तो उठला आणि म्हणाला, "रमाकांत सर, जाऊ का?" तुम्ही कपाळाला हात लावलात. मी आतल्या खोलीत पोट धरून हसले होते.

निखिलचा पहिला शनिवार तर मी कधी विसरणार नाही. तो भिवपुरीच्या वीजघराच्या क्वार्टर्समध्ये राहणारा, वडील तिथेच ड्युटीवर. डोंगरावरून उतरणारे पाण्याचे पाइप त्याला घराच्या खिडकीतून दिसतात. त्या दिवशी तुम्ही त्याच्याकडे बघत म्हणालात, भिवपुरीला कोळसा जाळून वीज तयार करतात. त्याने मान खाली घालून ते लिहून घेतलं. तासाच्या शेवटी तुम्ही चूक सांगितलीत तरी त्याने ते खोडलं नाही, कारण खोडलं की वही खराब दिसते. त्याच्या वडिलांनी वही बघितली आणि आपल्याला घरी बोलावून घेतलं.

"सर, हा काय प्रकार हाय?" ते म्हणाले. "मी रोज टर्बाइनपाशी उभा ऱ्हातो आनि माझाच पोरगा वहीत कोळसा लिवतो." मग निखिलकडे वळून, "काय रं, बाप कोळशाच्या खानीत जातो काय तुझा?"

निखिल म्हणाला, "सरांनी सांगितलं म्हणून लिवलं, पप्पा."

मला शरमेने मेल्यासारखं झालं आणि तुम्ही मात्र खूश. हेच तर मला दाखवायचं होतं, असं तुम्ही त्या भल्या माणसाला सांगत बसलात. त्यांना ते पटलं नाही, पण पोहे खाऊ घातल्याशिवाय त्यांनी सोडलं नाही.

परत येताना आपण भिवपुरी स्टेशनच्या बाकावर बसलो होतो आणि मी तुम्हाला तासत होते. मुलाला बापापुढे खाली मान घालायला लावलीत, हे काय शिकवणं झालं? तेव्हा तुम्ही मला ती गोष्ट सांगितलीत. तरुणपणी शिष्यवृत्तीवर तुम्ही वर्षभर तिकडे शिकून आलात, एवढंच मला माहीत होतं. पहिले तीन महिने त्या गोल बसलेल्या वर्गात तुम्ही एक शब्दही बोलला नव्हतात, हे माहीत नव्हतं. सगळं वाचून जायचात, उत्तर ओठांवर असायचं, पण कुणी बोलताना मध्ये कसं बोलायचं आणि शिक्षकाला 'मला असं वाटत नाही' कसं म्हणायचं, हे जमायचं नाही. सत्र संपलं तेव्हा शिक्षकाने हात पुढे करून अगदी सौजन्याने विचारलं, तुम्ही याच वर्गात होतात का? "तो वाईट बोलला असता तर बरं झालं असतं गं," तुम्ही म्हणालात. "त्याने खरंच मला पाहिलं नव्हतं." हे तुम्ही मला एकदाच सांगितलंत आणि मी त्यानंतर कोळशाचा विषय काढला नाही.

पण माझं म्हणणं तेव्हाही चुकीचं नव्हतं, सर. मुलं बोलायला शिकेपर्यंत मुलाखतीची तारीख निघून जाते. त्यासाठी मी नमुन्याच्या उत्तरांची फाइल केली होती. हा देश का, हाच कोर्स का, तुमचा एखादा कठीण प्रसंग सांगा, सगळ्याची उत्तरं. तुम्ही तिला 'वैशालीचं लोणचं' म्हणायचात, वर्षानुवर्षं टिकणारं आणि सगळ्यांच्या ताटात तेच. त्या लोणच्यावर पोरं गेली, सर, विमानात बसली. तुम्ही म्हणायचात, बसली खरी, पण तिकडे उतरल्यावर काय बोलतायत ते बघ. मी म्हणायचे, आधी उतरू तर द्या. हा वाद आपण शेवटपर्यंत संपवला नाही. मला वाटायचं, आहे की वेळ.

आणि मग सायली आली. खोपोलीजवळच्या साजगावची, वडील तिथल्या कारखान्यात फिटर, आई आशा सेविका. बीपीचं मशीन घरातच, आईबरोबर पाड्यांवर फिरून वाढलेली मुलगी. तिला नर्सिंगच्या पदवीला जायचं होतं. दोन वर्षं ती खोपोलीहून येतेय आणि पहिलं वर्षभर तिचा आवाज मी फक्त हजेरीला ऐकला. एका शनिवारी तुम्ही फळ्यावर लिहिलंत की निरोगी माणसाच्या अंगाचं तापमान चाळीस अंश सेल्सिअस असतं. सायलीने लिहून घेतलं. तुम्ही तिच्या बाकाशी जाऊन विचारलंत, "घरी थर्मामीटर आहे ना?"

"हाय, सर."

"चाळीस आलं तर आई काय करते?"

"दवाखान्याची गाडी बोलावते, सर."

"मग हे काय लिहिलंस?"

तिने वही हाताने झाकली आणि म्हणाली, "सर, तुमी लिवलंत, तर मला वाटलं माझंच काय तरी चुकत आसल."

तुम्ही आत येऊन माझ्या टेबलाशी बसलात. पोरगी हुशार आहे, म्हणालात, तिला कळतं सगळं, फक्त स्वतःवर विश्वास नाही. ही ज्या दिवशी मला उलट बोलेल त्या दिवशी सगळ्यांना मिसळ माझ्याकडून. तुमच्या डोळ्यांत पाणी होतं. मी दिसूनही न दिसल्यासारखं केलं आणि तारखांची यादी तुमच्या हातात दिली.

आता त्या शनिवारबद्दल. मला हे लिहायचं नव्हतं.

तुम्ही उशिरा आलात. संदर्भ कसे द्यायचे ते शिकवत होतात, दुसऱ्याचं वाक्य घेतलं तर ते कुणाचं आहे हे सांगायलाच हवं, नाहीतर तिकडे ती चोरी धरतात. मी फॉर्म घेऊन दारात उभी होते. तुम्ही बोलता बोलता थांबलात आणि टेबलाला टेकलात. चेहरा ओला झाला होता. पंखा पूर्ण वेगात होता. तुम्ही डावा हात खांद्यापासून चोळत होतात. मुलं तुमच्याकडे बघत होती तर तुम्ही म्हणालात, "काही नाही रे, ॲसिडिटी. सकाळी मिसळ हाणली."

सायली उभी राहिली. न विचारता, हात वर न करता. "सर, ही ॲसिडिटी नाय वाटत," ती म्हणाली. "घाम बघा किती आलाय तुमाला. हात पन दुखतोय ना? आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडं जायला पायजे."

आणि मी, हेडमास्तरांशी भांडून शाळेची नोकरी सोडलेली बाई, मी दारातून म्हणाले, "सायली, खाली बस. सरांना कळतं."

ती बसली.

तुम्ही माझ्याकडे बघून हसलात. नऊ वर्षांत पहिल्यांदा तुम्ही माझी बाजू घेतलीत. ते हसू मला अजून दिसतं आणि त्याचा मला इतका राग येतो की काय सांगू. वर्षानुवर्षं ज्याची वाट बघितलीत ते तुमच्या समोर उभं राहिलं होतं, दोन वेण्या घातलेलं, घाबरलेलं. तुम्ही काय केलंत? रुमालाने चेहरा पुसलात आणि फळ्याकडे वळलात. डबीला हातसुद्धा लावला नाहीत. इतरांनी उलट बोलावं म्हणून जीव टाकायचात आणि स्वतःच्या जिवाबद्दल एका पोरीचं ऐकलं नाहीत तुम्ही. अजून वीस मिनिटं शिकवलंत, स्कूटरवरून घरी खालापूरला गेलात आणि संध्याकाळी वहिनींचा फोन आला.

मी तुमच्यावर चिडलेय तितकीच स्वतःवरही, हे वेगळं सांगायला नको. पण तुमच्यावर जास्त. मला तुम्ही कामावर घेतलंत तेव्हा गावात कुणी मला उभं करत नव्हतं. भांडकुदळ बाई म्हणून नाव झालं होतं. तुम्ही म्हणालात, "भांडणारीच हवी आहे मला, उद्यापासून ये." त्या एका वाक्यावर मी नऊ वर्षं काढली. पण मी फायलींवरून भांडले, तारखांवरून भांडले, चहाच्या कपांवरून भांडले आणि जिथे भांडायचं होतं तिथे जी भांडत होती तिलाच बसवलं.

सोमवारी निखिलने विचारल्यावर मी सगळ्यांच्या वह्या गोळा केल्या. तेवढंच काहीतरी करायला मिळालं. मुलांना गोल बसवलं आणि आम्ही त्या दिवशीचं एकेक वाक्य तपासलं. पुस्तकाचं नाव कुठे, पान कुठे, साल कुठे. सगळं बरोबर होतं. तुमच्या हातून त्या दिवशी चूक घालायची राहून गेली होती. मग मी निखिलची वही उघडली. तो तुमचा शब्द न् शब्द लिहून घेतो, तुम्ही खोकलात तरी लिहील. पानाच्या शेवटी त्याच्या गोलगोल अक्षरात लिहिलं होतं: 'ॲसिडिटी. कारण मिसळ.'

मी वही मिटली. सायलीने ते पाहिलं होतं, कारण ती त्याच्या शेजारीच बसते. तिने मान फिरवली. मंगळवारी आली तर पुन्हा पहिल्या वर्षासारखी, फक्त हजेरीपुरती.

आणि गुरुवारी तिची मुलाखत होती. विद्यापीठाची, ऑनलाइन, आपल्या आतल्या खोलीतून, कारण तिच्या घरी नेट टिकत नाही. नर्सिंगच्या मुलाखतीत एक प्रश्न हमखास येतो हे तुम्हाला माहीत आहे. तुमच्यापेक्षा मोठ्या माणसाची चूक तुमच्या लक्षात आली, तेव्हा तुम्ही काय केलंत? तिकडे त्यांना हेच बघायचं असतं, की ही मुलगी डॉक्टरला अडवेल का. पेशंटचा जीव त्यावर असतो. ज्या मुलीने ते करून दाखवलं होतं, तिला पुन्हा गप्प करून आपण त्या प्रश्नासमोर पाठवणार होतो.

बुधवारी मी तिची सरावाची मुलाखत घेतली. तो प्रश्न विचारला. ती ताठ बसली आणि इंग्रजीत घडाघडा म्हणू लागली, आमच्या शाळेत एकदा एक शिक्षक नळ उघडा ठेवून गेले होते, तेव्हा मी नम्रपणे त्यांच्या लक्षात आणून दिलं. माझं लोणचं. ते मी लिहिलंय, सर, कितीतरी वर्षांपूर्वी, आणि त्या नळातून किती जणांनी पाणी वाहवलंय ते मलाच माहीत.

"हे तुझं नाही," मी म्हणाले.

"मग काय सांगू?"

"खरं सांग."

ती टेबलाकडे बघत राहिली. "खरं सांगितलं तर तुमी दोगं वाईट दिसाल, मॅडम. सर तर आता हायत पन नाय."

मी तिला तिथेच बसवून बाहेर आले आणि सगळ्या मुलांसमोर म्हणाले की त्या शनिवारी सायली बरोबर होती. सर चुकले आणि मी त्यांच्याहून जास्त चुकले. तिला मी गप्प करायला नको होतं. मुलं खाली बघत होती. मग निखिल उठला आणि कळवळून म्हणाला, "नाही मॅडम, तुमची काय चूक?" बाकीच्यांनी माना डोलावल्या. नऊ वर्षांत आपल्या अख्ख्या वर्गाने शिक्षकाचं बोलणं पहिल्यांदा खोडून काढलं, सर, आणि ते कशासाठी, तर मला बरं वाटावं म्हणून. डोकं आपटून घ्यावं असं झालं मला. सायली आतल्या दारात उभी होती. ती 'तुमची काय चूक' म्हणाली नाही. पिशवी घेतली आणि खोपोलीच्या गाडीला निघून गेली. दुसऱ्या दिवशी ती येईल की नाही, हेही मला कळत नव्हतं.

मुलाखतीच्या दिवशी खाली जाऊन गिरणी बंद करायला सांगायचं काम तुमचं होतं. गिरणी चालू असली की आतलं टेबल थरथरतं आणि समोरच्यांना आपला आवाज जात नाही. तुम्ही काय सांगायचात त्या गिरणीवाल्या ठोंबऱ्यांना, मला कधी कळलं नाही. गुरुवारी दुपारी मी गेले. चारपाच बायका डबे घेऊन ओळीत उभ्या होत्या. मला वाटलं, आता बोलणी खायची.

ठोंबरे म्हणाले, "कोनाची हाय आज?"

"सायलीची. साजगावची."

"ती नर्सबाई व्हनार हाय ती?" त्यांनी बटण बंद केलं. "सर बसायचे हितं पोरगं बाहेर येईपर्यंत. तुमी जा वर, मी बगतो." एका बाईने कुरकुर केली तर तिला म्हणाले, "अगं, भाकरी अर्ध्या तासानं खाल्ली तर काय व्हतं? पोरीचं आयुष्य हाय."

तुम्ही खाली बसायचात. मला वाटायचं, तुम्ही तंबाखू मळायला जाता. हेही कधी बोलला नाहीत.

सायली आली होती. निळा ड्रेस, केस घट्ट बांधलेले, माझ्याशी जेवढ्यास तेवढं. आतल्या खोलीचं दार धड लागत नाही, ते दुरुस्त करा म्हणून मी तुमच्या किती मागे लागले होते. न केलंत ते बरंच झालं. मला सगळं ऐकू आलं. आधीचे प्रश्न झाले, हा देश का, हे काम का. आईबरोबर पाड्यांवर फिरायची ते तिने सांगितलं, चांगलं सांगितलं. मग तो प्रश्न आला. ती थांबली. इतका वेळ थांबली की मी डोळे मिटून घेतले. मला नळाचा आवाज ऐकू येऊ लागला होता.

मग ती बोलली. इंग्रजी साधं होतं, एकदोन ठिकाणी अडखळली. म्हणाली, बारा दिवसांपूर्वी माझे शिक्षक वर्गात आजारी पडले. ते म्हणाले ॲसिडिटी आहे. मला तसं वाटलं नाही आणि मी ते सांगितलं. माझ्या दुसऱ्या शिक्षिकेने मला खाली बसायला सांगितलं आणि मी बसले. माझे शिक्षक त्याच संध्याकाळी गेले.

पलीकडून कुणीतरी हळू आवाजात विचारलं की मग यात चूक कुणाची होती असं तिला वाटतं.

"माझे दोन्ही शिक्षक चुकले," ती म्हणाली. "आणि मी खाली बसले, ते माझं चुकलं. पुन्हा मी बसणार नाही."

मी भिंतीला टेकून उभी होते. सर, तुमच्या सगळ्या शनिवारांत मिळून कुणी जे बोललं नाही ते ती सातासमुद्रापलीकडच्या अनोळखी माणसांसमोर, आपल्या शिक्षकांबद्दल, आवाज न चढवता बोलली. मला अभिमान वाटला, लाज वाटली, आणि तुम्ही हे ऐकायला नाही याचा पुन्हा नव्याने संताप आला. तो अजून उतरलेला नाही. निकाल कधी लागेल माहीत नाही. नाही घेतलं त्यांनी तर मूर्ख आहेत, असं तुम्ही म्हणाला असतात. या बाबतीत मी तुमच्याशी भांडले नसते.

ती बाहेर आली. फळ्यावर अजून तुमचंच अक्षर आहे, कुणी पुसलेलं नाही. मी डबी उघडली आणि लाल खडू तिच्यापुढे धरला. तो तिने हातात घेतला, जरा वेळ बघितला आणि परत माझ्या हातात ठेवला.

"हा सरांनी द्यायला पायजे होता, मॅडम," ती म्हणाली. "त्या दिवशी."

यात मला खोडण्यासारखं काही सापडलं नाही. तिची गाडी होती, ती गेली. मी खाली जाऊन ठोंबऱ्यांना गिरणी सुरू करायला सांगितलं.

तुम्हाला स्मशानात पोचवून आलो त्या रात्री वहिनींनी मला विचारलं होतं, "शनिवारी वर्गात काही जाणवलं का गं तुला?" आणि मी म्हणाले होते, "नाही वहिनी, नेहमीसारखेच होते." आज शनिवार आहे. तास संपला की मी खालापूरला जाणार आहे. वहिनींनी पुन्हा विचारायची वाट न बघता सांगणार आहे, की त्या दिवशी एक मुलगी उभी राहिली होती आणि मी तिला खाली बसवलं.